बाळसं आणि खुबा

आमच्या आईचा वजनावर फार विश्वास होता. देवावर होता तेवढाच, कदाचित थोडा जास्तच. ती अंगणवाड्यांची मुख्यसेविका होती. रोज सकाळी डहाणू रोडहून एसटीने तलासरीला जायचं, तिथून मिळेल त्या जीपने किंवा पायी उधव्याकडे, झरीकडे, रस्ता संपला की बांधांवरून पाड्यांत शिरायचं, आणि तिथली पोरं वाढतायत की नाहीत ते बघायचं, हे तिचं काम. तिच्या खांद्याच्या पिशवीत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला लटकता काटा असायचा. त्याचा लोखंडी आकडा पिशवीच्या तोंडातून बाहेर डोकावायचा, आणि एसटीतली माणसं तिला जरा जास्तच जागा करून द्यायची. पाड्यावर गेल्यावर काटा वाशाला टांगायचा, खाली कापडी झोळी अडकवायची, झोळीत रडणारं पोर ठेवायचं आणि श्वास रोखून काट्याकडे बघायचं. पोर मागच्या महिन्यापेक्षा भरलेलं निघालं की त्या दिवशी आई घरी गुणगुणत यायची. घटलेलं निघालं की चप्पल काढायच्या आवाजावरूनच आम्हाला कळायचं.

आणि अशा बाईच्या पोटी मी आले. खाल्लेलं प्रत्येक शीत अंगी लागणारी. बाबा रेल्वेत बुकिंग क्लार्क होते, अंगाने इतके सडपातळ की खिडकीमागे उभे राहिले तर लोकांना वाटायचं खिडकी बंद आहे. त्यांना खायला घालून आई केव्हाच थकली होती. मी मात्र तिच्या कष्टाचं चीज करत होते. संध्याकाळी ती हातपाय धुऊन यायची, माझ्यासमोर पाट घेऊन बसायची आणि मी जेवत असताना नुसती बघत राहायची. बाबा एकदा म्हणाले, "अगं, तूही वाढून घे. तिच्याकडे काय बघत बसतेस?" तेव्हा ती म्हणाली, "दिवसभर काड्यांसारखे हात बघून येते हो. घरी एक तरी भरलेला हात बघू दे." मी त्यावर आणखी एक भाकरी मागितली. मला वाटायचं, आईचा थकवा घालवायचा हा सगळ्यात सोपा उपाय आहे, आणि खरं सांगायचं तर मला तो मनापासून आवडायचा.

स्टेशनाजवळच्या त्या रेल्वे क्वार्टरमधलं स्वयंपाकघर मला अजून वासासकट आठवतं. मालगाडी गेली की फळीवरची पातेली एकमेकांना लागून किणकिणायची आणि आई बोलता बोलता हात वर करून त्यांना गप्प करायची, वर्गातली मुलं गप्प करावीत तशी. तव्यावर तांदळाची भाकरी फुगत असायची, बाजूला सुक्या बोंबलांची चटणी, वालाचं बिरडं, आणि माझ्या भाताच्या मुदीत बोटाने खळगा करून ओतलेलं तूप. येताना आई तलासरीच्या नाक्यावरून भजी नाहीतर गाठिये आणायची, कागदाला तेल सुटलेलं. शेजारच्या क्वार्टरमधल्या कोकिळाबेन, त्यांचे यजमान गार्ड होते, दर दोन दिवसांनी ताटलीवर रुमाल टाकून काहीतरी पाठवायच्या. कधी सुखडी, कधी गूळपापडी. "बेबीने आपजो," म्हणायच्या, म्हणजे बेबीला द्या. बेबी म्हणजे मी. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं. दूध मात्र मी प्यायचे नाही, चहा प्यायचे. आणि उन्हात खेळायला जायचे नाही, कारण एक तर मला धावायला आवडत नसे आणि दुसरं म्हणजे आईच म्हणायची, "उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील." दिवसभर उन्हात रापून आलेली बाई हे सांगायची आणि त्यात काही विनोदी आहे हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात येत नसे.

शाळेत मला 'टाकी' म्हणायचे. त्याबद्दल फार दुःख झाल्याचं आठवत नाही. जो म्हणेल त्याच्या पाठीत मी एक ठेवून द्यायचे आणि त्यानंतर तो निदान आठवडाभर तरी दुसरं काहीतरी म्हणायचा. घरी येणारे पाहुणे तर कौतुकच करायचे. "बाळसं चांगलं धरलंय हो," असं म्हणायचे, मी सातवीत गेले तरी. कोणी जरा जास्तच निरखून बघितलं तर आई पुढे व्हायची. "आमची बेबी मुळात हाडापेराने मोठी आहे." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की माझी हाडं दाराच्या चौकटीसारखी जाड, सागवानी आहेत असं मी धरून चालले होते. आत नेमकं काय आहे हे कोणी बघितलं होतं?

मग गुडघा दुखायला लागला. उजवा. पहिल्यांदा शाळेचा जिना उतरताना, मग प्रार्थनेला उभं राहिल्यावर, मग बसल्या बसल्याही. दुखणं मोठं नव्हतं, पण चिवट होतं. आईने मोहाच्या बियांचं तेल कोमट करून चोळलं. कोकिळाबेननी अजमा, म्हणजे ओवा, तळून त्याचं तेल दिलं, ते चोळलं. बाबांच्या ऑफिसातल्या कोणी निरगुडीचा पाला सांगितला, तो बांधला. माझ्या गुडघ्याचे इतके लाड झाले की डावा गुडघा रुसावा. शेवटी गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गुडघा दाबला, वाकवला, त्याचा एक्स-रे काढायला सांगितला. फोटो अगदी स्वच्छ आला. "वाढीचं वय आहे, दुखतं असं," ते म्हणाले, "वजनही आहे थोडं. बाम लावा." आईचा जीव भांड्यात पडला. त्या फोटोवर तिचा इतका भरवसा बसला की मी गुडघा धरून बसले की ती म्हणायची, "हाड चांगलं आहे तुझं, मी डोळ्यांनी बघितलंय." आणि तिने बघितलंही होतं. जे हाड बघितलं ते चांगलंच होतं.

आज आमच्या घरात कोणाचं पोर गुडघा दुखतो म्हणालं की मी फोनवरूनच ओरडते, "खुब्याचा फोटो काढा!" भाचेसुना मला वैतागल्या आहेत. मागे एकीच्या मुलाला खेळताना गुडघ्याला मार लागला होता, सगळ्यांसमोर रक्त आलेलं, तरी मी खुब्याचं विचारलंच. म्हणू देत वेडी आत्या.

आता मुख्य गोष्ट सांगते. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आई मला अधूनमधून कामावर बरोबर न्यायची. घरी एकटी कशी ठेवायची, हे एक कारण. दुसरं कारण तिने कधी उघड सांगितलं नाही, पण ते मला ठाऊक होतं आणि मी त्यावर जाम खूश होते. वजनाच्या दिवशी पाड्यावरच्या बायका पोरं घेऊन जमल्या, की आई आधी त्यांना सांगायची, काय शिजवावं, डाळ कशी मऊ करावी, अंडं कधी द्यावं, नागलीची, म्हणजे नाचणीची, पेज कशी. आणि मग माझा हात धरून मला पुढे करायची. "ही माझी मुलगी. बघा. खाल्लं की अंगाला असं लागतं." बायका माझे गाल ओढायच्या, दंड दाबून बघायच्या, आपसात हसायच्या. एखादी आपलं हडकुळं पोर माझ्या शेजारी उभं करून बघायची. मी छाती काढून उभी राहायचे. एखाद्या मुलीला नाचाचं बक्षीस मिळतं, कोणाला गाण्याचं. मला जेवणाचं मिळत होतं, आणि तेही आईच्या हातून, चार बायकांदेखत.

त्या दिवशी आम्ही झरीच्या एका पाड्यावर होतो. अंगणवाडी म्हणजे एक कौलारू खोली आणि पुढे उंच ओटा. तिथल्या सेविका कमळीबाई, ठेंगण्या, सतत पदर खोचलेल्या, आईचा उजवा हात. काटा टांगला गेला, पोरं झोळीतून वरखाली झाली, आईचं बोलून झालं, माझं प्रदर्शन झालं. बायका पेजेची भांडी घेऊन सावलीत बसल्या आणि मी पाणी प्यायला अंगण ओलांडून मडक्याकडे निघाले. वजन होऊन मोकळी झालेली चारपाच पोरं माझ्यामागे लागली. आणि रांगेने, अगदी मन लावून, माझ्यासारखी चालायला लागली. गाल फुगवलेले, पोटं पुढे काढलेली, हे तर आलंच. पण त्याखेरीज प्रत्येकाने उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला फिरवून टाकलं होतं आणि प्रत्येक पावलाला अंग त्या बाजूला कलतं करून पुन्हा सरळ केलं होतं. सगळ्यात शेवटचं पोर जेमतेम चालायला शिकलेलं, तेही तसंच. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. एखादा नवा खेळ मिळावा तशी ती खेळत होती.

बायका हसल्या. आईही हसली. मी मागे वळून बघितलं तेव्हा ती हसत होती हे मला स्वच्छ आठवतं. आणि मग मला तिच्या चेहऱ्यावरचं हसू जाताना दिसलं. ती पोरांच्या पावलांकडे बघत होती. मग तिने माझ्या पावलांकडे बघितलं. मी किती महिन्यांपासून तशी चालत होते कोण जाणे. रोज घरात डोळ्यांसमोर वावरणाऱ्या माणसाची चाल कोण बघतं? "बेबी," ती म्हणाली, "थांब. पाय सरळ टाक बघू." मी टाकून बघितला. पाऊल पुढे वळेचना. "अगं, सरळ टाक," ती पुन्हा म्हणाली, आणि आवाजात काहीतरी वेगळं होतं म्हणून मी घाबरले आणि तिच्याकडे जायला घाईने ओटा चढायला गेले. पहिल्याच पायरीवर माझ्या मांडीत काहीतरी सुटलं. आवाज आला की नाही सांगता येत नाही. पण खाली जमिनीवर आडवी झाल्यावर मी किंचाळले ते पलीकडच्या शेतापर्यंत गेलं असणार, कारण तिथून माणसं धावत आली.

पाय हलवता येत नव्हता. तो बाहेरच्या बाजूला फिरून पडला होता, दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा. आई माझा गुडघा धरून बसली होती. सवयीने. "गुडघा मोडला हिचा," ती म्हणत होती. कमळीबाईंनी माणसांना हाका मारल्या, कोणी घोंगडी आणली, कोणी बांबू, आणि बघता बघता माझी डोली बांधली गेली. पाड्यावरून आजारी माणूस रस्त्यापर्यंत न्यायचा म्हणजे तसाच. दोघांनी उचलली आणि पुढचा म्हणाला, "आयो! भारी जड हाय गो ही." मागचा म्हणाला, "बोलू नुको, चाल." पण बांध चढताना तोही म्हणाला, "बाय, तुला काय चारतात गो घरी?" मी रडता रडता म्हणाले, "सगळंच." त्यावर ते दोघे हसले, आणि इतकं दुखत असताना मलाही हसू फुटलं. माणसं पाळीपाळीने खांदा बदलत होती. आई डोलीच्या कडेने माझा हात धरून धावत होती. तिला हसू आलं नाही. रस्त्याला लागल्यावर एका टेंपोवाल्याने मागची फळी पाडली. कमळीबाई म्हणाल्या, "बाई, वापीला न्या. तेच जवळ," आणि त्याही चढून बसल्या.

वापीच्या त्या हाडांच्या डॉक्टरांनी माझा गुडघा बघितलाच नाही. म्हणजे एकदा हलका हात लावला आणि सरळ वर कमरेकडे गेले. फोटो काढला तोही वरचा. तो उजेडावर धरून ते आईला म्हणाले, "बेन, घूंटण तो एकदम सारू छे." गुडघा अगदी चांगला आहे. आई म्हणाली, "हो ना, आम्ही आधी काढला होता फोटो, चांगलाच आला होता." तेव्हा त्यांनी खुर्ची ओढून आईला बसवलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत समजावून सांगितलं. दुखणं खुब्यात आहे. पण खुब्याची नस खाली गुडघ्यापर्यंत जाते, म्हणून पोर गुडघा दाखवतं, आणि सगळे गुडघाच बघत बसतात. मग त्यांनी पाण्याचा स्टीलचा पेला उपडा घातला आणि त्यावर टेबलावरचा काचेचा गोल पेपरवेट ठेवला. "हा पेला म्हणजे मांडीचं हाड. हा वरचा गोळा. वाढीच्या वयात दोघांच्या मध्ये कच्ची जागा असते, हाड तिथूनच वाढतं. पक्कं व्हायला वेळ लागतो. तोपर्यंत वर भार जास्त झाला, की..." आणि त्यांनी बोटाने पेपरवेट हळूहळू कडेला सरकवला. तो पडायच्या आत आईने झेपावून तो झेलला. आणि मग तो दोन्ही हातांत धरून बसून राहिली, परत ठेवेचना.

"पण ही तर हाडापेराने मोठी आहे," आई म्हणाली. अगदी बारीक आवाजात. डॉक्टर हसले नाहीत. माझ्या खाण्या-खेळण्याचं विचारून घेतलं आणि म्हणाले, सगळ्यांना तसंच वाटतं, की जाड पोर म्हणजे आत हाडं पण जाड. भार वाढतो तसं हाड तेवढं मजबूत होतंच असं नाही. दूध पीत नाही, उन्हात जात नाही, धावत नाही, मग हाडाने कशाच्या जोरावर भार घ्यायचा? सगळ्याच जाड पोरांचं असं होतं असंही नाही, म्हणाले, पण होतं तेव्हा बहुतेक अशाच पोरांचं होतं. आता सरकलेला गोळा आहे तिथे खिळे घालून पक्का करायचा. एवढ्यात केलं तर मुलगी चालेल. उशीर केला तर गोळ्याचं रक्त तुटेल आणि हाड मरेल. "अने बेन, बीजी बाजू पण संभाळवानी छे." दुसऱ्या बाजूचाही खुबा सरकू शकतो. हाडं पक्की होईपर्यंत त्यावर लक्ष ठेवायचं, आणि हिचं वजन उतरवायचं.

वजन उतरवायचं. हे शब्द आईने उभ्या आयुष्यात कोणाला सांगितले नव्हते आणि कोणी तिला सांगितले नव्हते. "आमच्या वजनाच्या तक्त्यावर खालच्या रेघा असतात, डॉक्टर," ती म्हणाली, "पोर खाली घसरलं तर कितव्या श्रेणीत गेलं ते कळतं. वरची रेघ नसते. आणि पाचव्या-सहाव्या वर्षानंतर तर तक्ताच नसतो." तिच्या बाजूला उभ्या कमळीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. आई रडली नाही. मला वाटतं तिला रडायचीही लाज वाटली. मी स्ट्रेचरवरून म्हणाले, "आई, मला भूक लागलीय." खरंच लागली होती. आणि माझ्या आईने, आयुष्यात पहिल्यांदाच, ते वाक्य ऐकून तोंड फिरवलं.

खिळे घातले. कुबड्या घेऊन घरी आले. पुढचे काही आठवडे आमच्या घरात जे झालं त्याला मी उपासमार म्हणायचे आणि बाबा 'सौचं नवीन धोरण' म्हणायचे. तूप गेलं, भजी गेली, कोकिळाबेनच्या ताटल्या आई दारातूनच परत पाठवायला लागली. त्या बिचाऱ्या रुसून बसल्या. माझ्या ताटात उकडलेला दुधी आणि पाण्यासारखं वरण. आई माझ्यासमोर बसायची बंद झाली. ताट ठेवायची आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहायची. त्या उकडलेल्या दुधीपेक्षा मला ते जास्त लागायचं. टाके दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी जेवणाचं विचारलं आणि कपाळाला हात लावला. "बेन, खिळे घातलेलं हाड भरून यायचं कशाने? उपाशी ठेवायचं नाही. बरोबर खायला घालायचं." आणि काय काय द्यायचं ते सांगितलं: दूध, ताक, नागलीची भाकरी, डाळ, अंडं, सुकी मासळी, पालेभाजी, आणि सकाळचं ऊन. आई खाली मान घालून ऐकत होती. पायरीवर आल्यावर म्हणाली, "हेच तर मी पाड्यांवर सांगते. अगदी हेच. आणि घरी येताना गाठिये घेऊन येते."

कामावर परत गेल्यानंतरच्या पहिल्या वजनाच्या दिवशी तिने झरीच्या बायकांना सगळं सांगून टाकलं. तिला कोणी विचारलं नसतं. मुलगी पडली, पाय मोडला, एवढ्यावर निभावलं असतं. पण ती म्हणाली, की मी जी मुलगी तुम्हाला दाखवत होते ती चुकीची दाखवत होते. त्यावर एक बाई, जिचं पोर चौथ्या श्रेणीत, म्हणजे तक्त्याच्या अगदी तळाला होतं, ती शांतपणे म्हणाली, "मग आमची पोरं हलकी तीच बरी ना, बाई?" संध्याकाळी घरी येऊन तिने तो प्रश्न आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "इतक्या वर्षांचं काम पाण्यात गेलं." बाबा म्हणाले, "तिला सांग, तिच्या पोराची आणि आपल्या बेबीची हाडं एकाच गोष्टीला भुकेली होती. त्याला ते मिळत नव्हतं, हिला नको ते मिळत होतं." बाबा तिकिटांखेरीज फारसं बोलत नसत. आईने त्यांच्याकडे असं बघितलं, की मी कुबड्या घेऊन गॅलरीत जाऊन बसले. पुढच्या खेपेला ती त्या बाईकडे आधी गेली, आणि ती बाई पोराला घेऊन दर महिन्याला येत राहिली, एवढं मला माहीत आहे.

पण आईच्या मनातली भीती कमी झाली नाही. ती वाढतच गेली. डॉक्टर म्हणाले, आता पाय टेकवा. आई म्हणाली, पुढच्या आठवड्यात. डॉक्टर म्हणाले, आता एक कुबडी सोडा. आई घरी येऊन दोन्ही कुबड्या पुसून माझ्या हाती द्यायची. मी मोरीपर्यंत गेले तरी ती मागे हात पसरून चालायची. माझं वजन उतरत होतं, फोटो चांगले येत होते, डावा खुबा जागचा हलला नव्हता. तरी तिच्या डोळ्यांसमोर तो पेपरवेट होता. डॉक्टरांचा शेवटी आवाज चढला. "बेन, हाडावर भार पडला नाही तर हाड पोकळ होतं. जास्त भाराने बिघडलं, हे खरं. पण बिनभाराने पण बिघडतं. छोकरीला चालू द्या. सपाट जागेवर, मोकळी." परत येताना आई खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, "आई, मी कधीच चालायचं नाही का?" ती म्हणाली, "चाल ना. मी कुठे धरलंय?" आणि तेव्हा तिने माझा दंड घट्ट धरलेला होता.

शेवटी बाबांनी रजा काढली. रिक्षा केली आणि आम्हा दोघींना डहाणूच्या किनाऱ्यावर नेलं. ओहोटीची वेळ त्यांनी कोणालातरी विचारून ठेवली होती. ओहोटीला तिथली वाळू लांबवर उघडी पडते, ओली, टणक, अंगणासारखी सपाट. सुरूची झाडं मागे टाकून त्या टणक वाळूवर आल्यावर बाबांनी माझ्या हातातल्या कुबड्या काढून घेतल्या आणि काखेत धरल्या. आई म्हणाली, "अहो, एक तरी असू दे." बाबा म्हणाले, "नको." मग आई म्हणाली, "मग मी धरते," आणि बाबा पुन्हा म्हणाले, "नको." माझ्या बाबांनी आईला एका दमात दोनदा नाही म्हटल्याचं मला दुसरं उदाहरण माहीत नाही.

मी निघाले. पाऊल थोडं बाहेर पडत होतं, ते आजही पडतं. उजवा पाय किंचित आखूड झालाय, चपलेला आतून पट्टी लावावी लागते, आणि अलीकडे तो खुबा बदलायची भाषा डॉक्टर करतायत. करतील तेव्हा करतील. पण त्या सकाळी मी पाण्याच्या दिशेने चालत गेले आणि पाय माझा होता. वाळू तळव्याला गार लागत होती. मांडीत ओढ होती, दुखणं नव्हतं. पाण्याच्या कडेला पोचल्यावर मी वळले. आई जिथे सोडली होती तिथेच उभी होती, हात थोडे पुढे, बोटं पसरलेली, खाली पडणारं काहीतरी झेलायच्या बेतात. मी तिच्याकडे चालत परत आले. ती एकटक माझ्या कमरेकडे बघत होती. मी अगदी समोर जाऊन उभी राहिले तरी तिचे हात खाली येईनात. "आलेय मी," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. मग एकदम तिने आधारासाठी इकडेतिकडे बघितलं. बाबा मागे झाडांपाशी जाऊन थांबले होते, कुबड्या सांभाळत. आसपास बसायला काही नव्हतं. "बेबी, मला जरा उभं राहता येत नाहीये ग," ती म्हणाली. मी तिच्या बाजूला सरकले आणि तिचा हात उचलून माझ्या खांद्यावर घेतला. तिने लगेच तो काढून घेतला. "नको. भार येईल तुझ्यावर."

"येऊ दे," मी म्हणाले आणि हात पुन्हा घेतला.

थोडा वेळ ती नुसता हात ठेवल्यासारखं करत राहिली, वजन आपल्याच पायांवर धरून. मग तिला ते जमेना. तिने डोळे मिटले आणि माझ्यावर रेलली, पूर्ण. मी उभी राहिले. मग आम्ही दोघी तशाच रिक्षाकडे निघालो.